हर्क्युलीसचा अपराध कुठे गेला?

प्रश्न : डिस्नेचा ‘हर्क्युलीस’ माझ्या मुलीला फार आवडतो, गाणी तर तिला तोंडपाठ आहेत. कॉलेजात मी ग्रीक पुराणकथा वाचल्या होत्या. त्यातला हेराक्लीस आणि पडद्यावरचा नायक एकच असतील असं वाटत नाही. ग्रीक कथेत चर्चमधल्यासारखी गाणी कशासाठी? आणि चित्रपट खरोखर चांगला आहे का? – एक वाचक, सातारा

उत्तर : आधी गाण्यांबद्दल, कारण चित्रपटाचं खरं बळ तिथेच आहे. रॉन क्लेमेंट्स आणि जॉन मस्कर यांनी १९९७ साली तो दिग्दर्शित केला. संगीत ॲलन मेंकन यांचं, गीतं डेव्हिड झिपेल यांची. गोष्ट सांगायला त्यांनी पाच कलादेवता आणल्या (ग्रीक परंपरेत त्या नऊ) आणि त्यांना कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या चर्चमधलं गॉस्पेल गायला लावलं. वरवर हे विजोड वाटतं. पण ग्रीक नाटकातला गायकवृंद काय करतो? कथा पुढे नेतो, नायकाची थोरवी गातो, त्याच्यावर भाष्यही करतो. गॉस्पेलमध्येही एक आवाज साद घालतो आणि वृंद त्याला उत्तर देतो. देवपुत्राची गोष्ट रंगवायला याहून जिवंत रीत मला सुचत नाही.

चित्रांची शैली ठरवण्यात ब्रिटिश व्यंगचित्रकार जेराल्ड स्कार्फ यांचा मोठा हात होता. त्यांच्या टोकदार, वळसेदार रेषेमुळे हा चित्रपट डिस्नेच्या इतर गोड-गुळगुळीत चित्रपटांहून वेगळा दिसतो. खलनायक हेडीसच्या डोक्यावरच्या निळ्या ज्वाळा रागासरशी लाल होतात, ते पाहत राहावं असं आहे. संगणकावर घडवलेला अनेक डोक्यांचा हायड्रा मात्र हाताने काढलेल्या चित्रांत आज मिसळत नाही.

आता तुमच्या शंकेकडे. मूळ कथेत हेराक्लीस हा झ्यूस आणि अल्कमीनी या मानवी स्त्रीचा मुलगा. झ्यूसची पत्नी हेरा सवतीमत्सराने त्याच्या जिवावर उठते. पाळण्यात साप सोडते, पुढे त्याला वेड लावते. त्या वेडात तो स्वतःच्या मुलांना मारतो. भानावर आल्यावर डेल्फीच्या देववाणीनुसार तो युरिस्थियस राजाची चाकरी पत्करतो आणि त्याची प्रसिद्ध बारा कामं करतो. म्हणजे ते पराक्रम हे प्रायश्चित्त आहे. चित्रपटात हेरा प्रेमळ आई होते, अपराध नाहीसा होतो आणि राक्षस मारणं हा कीर्ती मिळवण्याचा मार्ग ठरतो. मुलांच्या चित्रपटात बालहत्या दाखवता येणार नाही, हे मला मान्य आहे. पण तिच्या जागी तेवढं वजनदार काहीही ठेवलेलं नाही. हरवलेल्या मुलाने आईबापांकडे परत जायचं, एवढीच ओढ उरते. त्यामुळे नायक भला, निरागस आणि काहीसा पोकळ वाटतो. मधल्या भागात तो एकामागून एक विजय मिळवत जातो, पण त्याचं पुढे काय होईल याची काळजी आपल्याला वाटत नाही.

हेडीसवरही अन्याय झाला आहे. ग्रीकांचा हेडीस आपल्या यमासारखा मृतांचा राजा आहे. तो कठोर आहे, पण दुष्ट नाही. इथे त्याला ख्रिस्ती सैतानाच्या साच्यात घातलं आहे. तरी जेम्स वुड्स यांच्या चटपटीत, कुजकट आवाजामुळे पडद्यावर तोच सगळ्यांना झाकोळून टाकतो, हे मान्य करायला हवं.

आणि मेगारा! पुराणात ती हेराक्लीसची पहिली बायको, काही कथांनुसार त्याच्याच हातून मेलेली. तिला स्वतःचा आवाज फारसा नाहीच. चित्रपटात तिने प्रियकराचा जीव वाचवण्यासाठी आपला आत्मा हेडीसकडे गहाण टाकला आहे आणि तो प्रियकर दुसरीमागे निघून गेला आहे. म्हणून ती प्रेमाला भिते, टोचून बोलते, फसवते आणि शेवटी नायकासाठी जीव देते. अपराध, पश्चात्ताप, भरपाई हे हेराक्लीसच्या कथेतलं सगळं काही चित्रपटाने नकळत तिच्या पदरात टाकलं आहे. मूळ कथेत बदल करून चित्रपटाने काही कमावलं असेल, तर ती हीच. प्रेम कबूल न करण्याचं तिचं गाणं मला नायकाच्या ऑस्कर नामांकन मिळालेल्या गाण्याहून सरस वाटतं.

तेव्हा चित्रपट जरूर बघू द्या. संगीत आणि रेषा यांसाठी तो चांगला आहे, कथेसाठी मध्यम. मुलगी बारा-तेरा वर्षांची झाली, की तिला त्या बारा कामांमागचं कारण तुम्हीच सांगा.