ऑपरेशनच्या आधी : तीन रुग्ण आणि एक नकार

कॅन्सर म्हटलं की आपल्याला एक क्रम पाठ असतो : आधी ऑपरेशन, मग केमो, मग रेडिएशन, म्हणजे आपल्याकडे लोक ज्याला सरळ 'शेक' म्हणतात ते. हा क्रम उलटा केला तर?

अमेरिकेत डेट्रॉईटचे सर्जन नॉर्मन निग्रो यांनी हेच करून पाहिलं. गुदद्वाराच्या नलिकेचा कॅन्सर झाला की त्या काळी गुदाशयासकट तो सगळा भाग काढून टाकत. मल बाहेर पडायला पोटावर कायमची वाट करावी लागे, आणि एवढं सोसूनही गाठ पुष्कळदा परत येई. निग्रोंनी ऑपरेशनच्या आधी केमो आणि रेडिएशन एकत्र दिलं. गाठ लहान व्हावी, ऑपरेशन सोपं जावं, एवढीच अपेक्षा होती. 1974 साली त्यांनी तीन रुग्णांचा अहवाल छापला. दोघांचं ऑपरेशन झालं. काढलेल्या भागात कॅन्सर सापडलाच नाही! तिसऱ्याने ऑपरेशनला चक्क नकार दिला. त्याचाही आजार परतला नव्हता. मला वाटतं, तिघांत सगळ्यात जास्त शिकवलं ते या नकाराने.

एकत्र का द्यायचं? काही औषधांमुळे कॅन्सरच्या पेशी किरणांपुढे हळव्या होतात. आणि आधी का? तेव्हा गाठीचा रक्तपुरवठा शाबूत असतो, औषध आणि प्राणवायू आतपर्यंत पोचतात. पण झळ निरोगी पेशींनाही बसते. म्हणून आज असं नवं मिश्रण आलं की पहिल्या टप्प्यातला मुख्य प्रश्न 'गुण येतो का' हा नसतो. 'किती डोस सोसवतो' हा असतो. नेहमीची एक रीत अशी : तिघांना एक डोस द्यायचा. कुणालाच गंभीर त्रास नाही, तर पुढच्या तिघांना वरचा डोस. एकाला झाला, तर त्याच डोसवर आणखी तिघे. दोघांना झाला की तिथेच थांबायचं. त्या रुग्णांना हे सगळं आधी सांगून त्यांची संमती घ्यावी लागते. स्वतःला फायदा होईलच असं नाही, हेसुद्धा.

तीन रुग्णांवरून उपचार ठरत नाही. ब्रिटनमध्ये 585 रुग्णांवर मोठी चाचणी झाली, तिचा निकाल 1996 साली आला. नुसत्या रेडिएशनने 59 टक्के रुग्णांत त्या जागचा आजार आटोक्यात राहिला नाही. केमोची जोड दिल्यावर हे प्रमाण 36 टक्क्यांवर आलं. एकूण आयुष्यमानात मात्र तेव्हा ठळक फरक दिसला नाही.

आज या कॅन्सरमध्ये ते मोठं ऑपरेशन सहसा गाठ उरली किंवा परत आली तरच करतात.