ग्रेव्हीचं पातेलं विचारून घ्या

आमच्या मुलाला काजू आणि पिस्त्याची ॲलर्जी आहे. या दोन्हींतली प्रथिनं इतकी मिळतीजुळती असतात की एक सोसत नसेल तर दुसरंही बहुधा सोसत नाही. भोपाळजवळच्या मंडीदीपच्या कारखान्यांत नोकरीला आलेल्या आमच्यासारख्या मराठी घरांना बाहेर जेवायचं म्हटलं की 'शुद्ध शाकाहारी' पाटी दिसली तरी निर्धास्त वाटतं. भोजपूर किंवा भीमबेटकाहून परतताना अशा पाट्या जागोजागी दिसतात. त्या पाटीचा अर्थ मांस-मासे-अंडी नाहीत एवढाच. ॲलर्जी असलेल्या माणसाला ती कसलीही हमी देत नाही.

अशाच एका ढाब्यावर आम्ही मटर-पनीर मागवलं. "भैया, इसमें काजू तो नहीं है?" असं विचारलं. "नहीं दीदी" असं उत्तर आलं, आणि वेटर खोटं बोलत नव्हता. भाजीवर काजू घातलेले नव्हतेच. पण ग्रेव्ही सकाळीच मोठ्या पातेल्यात तयार होती, काजूकणी आणि मगज वाटून केलेली. त्यातलाच डाव शाही पनीरला, त्यातलाच मलाई कोफ्त्याला आणि त्यातलाच आमच्या मटर-पनीरला. चार घास झाले नसतील तोच मुलाचे ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, उलटी झाली आणि श्वासाला घरघर लागली. दवाखान्यात मांडीत ॲड्रेनालिनचं इंजेक्शन दिल्यावर तो सावरला. त्या रात्री त्याला तिथंच ठेवून घेतलं, कारण अशी लक्षणं काही तासांनी पुन्हा उसळू शकतात.

तेव्हापासून मी वेटरशी बोलून थांबत नाही, थेट उस्तादाला, म्हणजे स्वयंपाक्याला, विचारते. हिंदीत लिहिलेली चिठ्ठी पर्समध्ये असते: "बच्चे को काजू-पिस्ता से साँस बंद हो जाती है। ग्रेवी में पिसा हुआ काजू भी नहीं चलेगा। अलग धुली कढ़ाई और अलग चम्मच में बना दीजिए।" 'एलर्जी है' म्हटलं की लोकांना ती आवडीनिवडीची गोष्ट वाटते. श्वास बंद होतो म्हटलं की स्वयंपाकी स्वतः बाहेर येऊन बोलतो, असा माझा अनुभव आहे. त्याला नीट सांगता आलं नाही तर आम्ही ग्रेव्हीच्या वाटेला जात नाही. समोर फोडणी दिलेली डाळ, जिरा आलू, तव्यावरची पोळी, दही. मुलगा कुरकुरतो, पण पोटभर जेवतो.

'जैन' जेवण मागवणाऱ्यांनी तर जास्तच चौकशी करावी. कांदा-लसूण नसला की दाटपणा आणायला काजू-मगज अधिक पडतो. उपासाच्या थाळीत शेंगदाण्याचं कूट असतंच. इथल्या सकाळच्या पोह्यांतही दाणे सापडतात. गहू वर्ज्य असलेल्यांना, म्हणजे सीलिॲकच्या रुग्णांना, या भागात वेगळेच धोके आहेत. दाल-बाफल्यातला बाफला गव्हाचा असतो हे ठाऊक असतं, पण बाजारच्या बांधानी हिंगात मैदा किंवा गव्हाचं पीठ असू शकतं, सोया चापमध्ये सोयाबीनबरोबर मैदा असतो आणि मक्याची भाकरी गव्हाचं पीठ सांडलेल्या पोळपाटावरच थापली जाते, हे सहसा कुणी सांगत नाही.

दूध सोसत नाही म्हणून व्हीगन हॉटेलात जाणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं, की दुधाची जागा तिथं बहुतेकदा काजू, बदाम, सोयाबीन किंवा शेंगदाणा घेतो. व्हीगन 'चीज' म्हणजे अनेकदा भिजवून वाटलेले काजूच. आमच्या मुलासाठी ती जागा ढाब्याहून धोक्याची आहे. पाकिटावरचा हिरवा ठिपका शाकाहार सांगतो आणि शाकाहारात दूध येतं. व्हीगन पदार्थांची वेगळी खूण 2022 च्या नियमांनी आली. पण या दोन्ही खुणा ॲलर्जीबद्दल काही सांगत नाहीत. त्यासाठी पाकिटावरची ॲलर्जीची ओळ वाचावी लागते. 2020 च्या लेबलच्या नियमांत ग्लुटेनयुक्त धान्यं, दूध, अंडी, मासे, कवचधारी जलचर, शेंगदाणे व सुकामेवा, सोयाबीन आणि सल्फाइट एवढ्यांचा उल्लेख सक्तीचा आहे. तीळ आणि मोहरी त्या यादीत नाहीत. अमेरिकेने 1 जानेवारी 2023 पासून तिळाचा उल्लेख सक्तीचा केला, आपल्याकडे तो व्हायला हवा. तिळगुळाच्या मुलखात तर नक्कीच.

आणखी एक. ओठ सुजणं आणि श्वास अडखळणं एकत्र दिसलं तर सेट्रिझिन देऊन वाट बघू नका. त्या गोळीने खाज थांबेल, श्वास मोकळा होणार नाही. त्याला ॲड्रेनालिनच लागतं. माणसाला चालवू नका. आडवं करून पाय उंच ठेवा, श्वास फारच लागत असेल तर बसवा, आणि लगेच 108 ला फोन करा. आपल्याकडे स्वतः टोचता येणारं तयार पेन सहज मिळत नाही, म्हणून घरात काय ठेवायचं आणि कसं वापरायचं हे डॉक्टरांकडून आधीच शिकून घ्या. घरातल्या एकालाच नव्हे, सगळ्यांना ते यायला हवं.

आणि ढाबेवाल्या भाऊ-बहिणींना हात जोडून विनंती आहे: काजूविना एक छोटं पातेलं वेगळं काढून ठेवा आणि त्यावर तसं लिहा. आम्ही तुमची कायमची गिऱ्हाइकं होऊ.