खट् आवाज आला, गोळी गेली नाही

खट्. एवढाच आवाज आला. गाल स्टॉकवर होता, डोळा मागच्या साइटच्या छिद्रात, पन्नास मीटरवरचं काळं वर्तुळ पुढच्या साइटच्या रिंगच्या मधोमध. गोळी गेली नाही. त्या आठवड्यातला हा कितवा राउंड फुसका निघाला, ते मोजणंही मी सोडलं होतं. श्वास सोडला, हात बोल्टकडे नेला आणि तेवढ्यात रायफल सुटली. ट्रिगर दाबल्यानंतर जवळजवळ एका सेकंदाने.

हात आणखी थोडा लवकर पोचला असता, तर बोल्ट अर्धा उघडा असताना ते काडतूस माझ्या तोंडासमोर फुटलं असतं. आमच्या रेंजवर तोफखान्यातून निवृत्त झालेले एक सुभेदारसाहेब येतात. ते मागून ओरडले, "हात काढ! रायफल समोरच ठेव. खट् झालं की तीस मोजायचे, मोठ्याने मोजायचे, मग बोल्ट. किती वेळा सांगायचं?" माझे हात थरथरत होते. त्या दिवशी पुढे मी एकही राउंड झाडला नाही.

सगळं सुरू झालं होतं बॅरल बदलल्यापासून. माझी पॉइंट टू टू बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल सेकंडहँड आहे. आधीच्या मालकाने ती भरपूर वापरली होती आणि गोळ्यांचा गट पसरत चालला होता. पडून नेम धरण्याच्या प्रोन प्रकारात पन्नास मिनिटांत साठ गोळ्या मारायच्या असतात आणि दहाच्या रिंगचा व्यास फक्त 10.4 मिलिमीटर असतो. तिथे झिजलेली बॅरल घेऊन पडून राहण्यात अर्थ नव्हता. परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडून नवी बॅरल बसवून घेतली. गट छान आवळला. पण दर आठ-दहा गोळ्यांमागे एक खट्.

आधी दोष दिला थंडीला. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा पाच अंशांच्या खाली उतरतो, तेव्हा आम्हा नाशिक रोडकरांची सकाळही गारठलेलीच असते. बोल्टमध्ये जुनं ग्रीस असेल तर ते अशा थंडीत घट्ट होतं, स्प्रिंग सुटते पण पिन जोरात धावत नाही. बोल्ट उघडला तर आत खरंच मधासारखं दाटलेलं ग्रीस निघालं. सगळं धुतलं, कोरडं केलं, तेलाचा एक थेंब लावला. फुसके राउंड आठात एकावरून बारात एकावर आले. ही थोडी सुधारणाच मला भोवली. रोग सापडला असं वाटलं आणि मी त्याच वाटेने पुढे गेलो.

मग दुरुस्तीवाल्याकडे जाऊन मीच हट्ट धरला, "स्प्रिंग जास्त ताकदीची टाका आणि पिन थोडी पुढे येईल अशी बसवा." डॉक्टरला दुखणं न सांगता मी थेट औषध मागितलं. मी सांगितलं तसं त्यांनी करून दिलं. फुसके राउंड आणखी कमी झाले, पण थांबले नाहीत. उशिरा सुटलेला तो राउंड यानंतरचाच. सर्वांत वाईट गोष्ट पुढे उघडकीला आली. घरी मी रोज रिकाम्या रायफलीवर ट्रिगरचा सराव करायचो. पुढे आलेली पिन दरवेळी नव्या बॅरलच्या चेंबरच्या काठावर आदळत होती. बॅटरीच्या उजेडात पाहिलं तर काठावर नखाच्या टोकाएवढा खड्डा आणि आत वळलेला बारीक बूर. नव्या, महागड्या बॅरलच्या काठावर! पोटात गोळाच आला.

आता यातलं यंत्र समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. पॉइंट टू टूच्या काडतुसात मधोमध प्रायमर नसतो. ठिणगी देणारा मसाला बुडाच्या कडेच्या घडीत, म्हणजे रिममध्ये, आतून पसरलेला असतो. पिन ती कड चेंबरच्या काठावर चेपते. मसाला त्या दोघांत चिरडला की तो पेट घेतो. म्हणजे पिन हा हातोडा, तर चेंबरचा काठ ही ऐरण. बोल्टचं तोंड आणि हा काठ यांच्यात रिमसाठी जेवढी जागा असते तिला हेडस्पेस म्हणतात. पॉइंट टू टूसाठी ती साधारण 1.09 ते 1.17 मिलिमीटर असायला हवी. जागा जास्त झाली तर काडतूस सैल राहतं, पिनचा घाव बसताच ते आधी पुढे सरकतं आणि घावाचा जोर त्यातच जिरतो. ऐरण लांब गेली तर हातोडा कितीही मोठा घ्या, काय उपयोग?

आणि हेडस्पेस ठरते कशाने? बॅरल किती आत बसली यावरून. बॅरल बदलली की ती बदलू शकते. मी सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत टूलरूममध्ये काम करतो. दिवसभर शतांश मिलिमीटर मोजतो. बॅरल बसवून आली त्या दिवशी हे एक माप विचारलं असतं, तर पुढचे तीन महिने वाचले असते.

खरी तपासणी सुरू झाली ती सुभेदारसाहेबांच्या एका प्रश्नाने: "जुन्या बॅरलमधून झाडलेल्या रिकाम्या केसेस ठेवल्यास का?" नशिबाने किट बॅगच्या तळाशी डझनभर सापडल्या. जुन्या आणि नव्या केसेस शेजारी शेजारी ठेवून भिंगाखाली पाहिल्या. जुन्या केसच्या कडेवर पिनचा ठसा खोल, काठ सरळ. नव्या केसेसमध्ये एकीचा ठसा ठीक, दुसरीचा उथळ आणि बाहेरच्या बाजूला घसरलेला. एकच लॉट, एकच पिन, तरी दर राउंडला वेगळा ठसा. म्हणजे काडतूस चेंबरमध्ये हलत होतं. त्याच लॉटची एक पेटी मित्राच्या रायफलीतून झाडली, एकही फुसका निघाला नाही. माझ्या रायफलीत फुसके निघालेले राउंड, प्रत्येक वेळी तीस मोजून, रेंजवरच अर्धे फिरवून पुन्हा घातले, तर बहुतेक सुटले. काडतुसं चांगली होती.

मग अंदाजासाठी एक सोपी युक्ती केली. याच बॅरलमधून झाडलेली रिकामी केस घेतली. ठशापासून दूरच्या जागी मायक्रोमीटरने रिम मोजली, 1.04 भरली. बोल्टमधून पिन आणि स्प्रिंग काढली. केसच्या बुडाला सेलोटेप गोल कापून चिकटवली. एक थर 5 शतांशाचा. बोल्ट बंद केला, सहज बंद झाला. दोन थर, सहज. तीन थर, तरी सहज. चौथ्याला बोल्टचा दांडा जड लागला. म्हणजे 1.24 च्या आसपास. टेप दबते, म्हणून हा ठोकताळाच. पक्कं माप गेजनेच घ्यायचं. पण एवढ्यावरूनही कुठे पाहायचं ते कळलं. दुरुस्तीवाल्याने गेज लावून खात्री केली, बॅरलचा खांदा लेथवर घेऊन ती मागे बसवली, एक्स्ट्रॅक्टरच्या खाचा जुळवल्या, काठावरचा बूर चेंबर आयर्न नावाच्या हत्याराने बसवला. मूळ पिन आणि मूळ स्प्रिंग परत घातली.

1 ऑगस्ट 2024 ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने थ्री पोझिशनमध्ये कांस्य मिळवलं, ते अशाच पॉइंट टू टू रायफलीने. घरात असं स्वप्न पाहणारं कोणी असेल आणि जुनी रायफल घेऊन तिची बॅरल बदलणार असाल, तर बॅरल काढण्याआधी जुन्या बॅरलच्या दहा केसेस जपून ठेवा आणि हेडस्पेसचं माप लिहून ठेवा. नवी बसली की पुन्हा माप घ्या, आणि ते कागदावर मागा. खट् होऊ लागलं तर एका वेळी एकच गोष्ट बदला. आधी बोल्टची स्वच्छता, मग दुसरा लॉट, मग माप, आणि पिन किंवा स्प्रिंगला हात सर्वांत शेवटी. बोल्ट पूर्ण बंद होतोय का, तेही बघा; अर्धवट बसलेला दांडा खाली ढकलण्यात पिनचा जोर खर्च होतो आणि लक्षणं हुबेहूब अशीच दिसतात. घरचा ट्रिगरचा सराव खोट्या काडतुसावरच करा. बॅरल बसवणं, खांदा घेणं, पिन बदलणं ही कामं घरच्या व्हाइसवर कधीही नको. 1959 च्या शस्त्र कायद्याच्या कलम 5 नुसार दुरुस्तीलाही परवाना लागतो, आणि तो नियम योग्यच आहे.

पिकांच्या राखणीसाठी .315 किंवा .30-06 बाळगणाऱ्या शेतकऱ्यांना तर हात जोडून सांगतो. .315 चं काडतूस कडेवर टेकतं, .30-06 चं केसच्या खांद्यावर. पण दोन्हींत दाब पॉइंट टू टूच्या कितीतरी पट. तिथे सैल हेडस्पेसने केस फाटते आणि गरम वायू थेट चेहऱ्याकडे येतो. बॅरल बदलल्यावर एक जरी राउंड फुसका निघाला, तरी दुसरा भरू नका. रायफल तशीच गेजखाली न्या.

दुरुस्तीनंतरच्या पहिल्या सकाळी साठ राउंड झाडले. साठही सुटले. शेवटच्या पाच केसेस मी उचलल्या आणि पानाच्या जुन्या डबीत जुन्यांच्या शेजारी ठेवल्या. डबीवर तारीख आणि माप लिहिलं: 1.12. गेल्या आठवड्यात जेल रोडचा एक मुलगा बॅरल बदलायला निघाला होता. ती डबी आणि भिंग सध्या त्याच्याकडे आहेत.