सोरायसिस : पथ्य किती, गोळ्या किती?



गळीत हंगाम आणि थंडी जोडीनेच येतात, आणि नेमक्या याच महिन्यांत सोरायसिसवाल्यांची कातडी जास्त भडकते. हवा कोरडी, अंघोळीला कढत पाणी, त्यात उसाचा पाला अंगाला घासतो. म्हणून हा विषय याच अंकात घेतला आहे.

कोपर, गुडघे, कंबर आणि डोके या ठिकाणी जाड चट्टे उठतात. त्यावर अभ्रकासारखे पांढरे पापुद्रे धरतात. गोऱ्या माणसाचा चट्टा लाल दिसतो, आपल्या सावळ्या कातडीवर तो जांभळट-काळपट दिसतो. कातडीचा नवा थर तळातून वर यायला एरवी साधारण महिना लागतो. या रोगात शरीराची संरक्षक यंत्रणाच बिघडून तेच काम ३-४ दिवसांत उरकते, आणि कच्ची कातडी थरावर थर साचते. जंतूचा यात संबंध नाही. म्हणून एका ताटात जेवल्याने, एका अंथरुणात झोपल्याने किंवा एकच पंचा वापरल्याने हा रोग लागत नाही.

तरीही घरात भांडी वेगळी ठेवतात, सोयरीक मोडते. याला कारण जुने आहे. पूर्वी जगभर याला महारोगात धरत. व्हिएन्नाचे डॉक्टर हेब्रा यांनी १८४१ साली हे दोन रोग निरनिराळे आहेत हे स्पष्ट केले, पण गावातली जीभ काही अजून बदललेली नाही. महारोगाच्या चट्ट्यावर बऱ्याचदा स्पर्श कळत नाही, सोरायसिसच्या चट्ट्याला खाज सुटते. शंका असेल तर घरी ठरवू नये, प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे. आणि सोयरिकीचे म्हणाल तर, हा रोग घराण्यात चालतो हे खरे, पण आईबापांपैकी एकाला असला तरी बहुतेक मुलांना तो होत नाही.

आता पथ्याचे. चट्टा दिसला की आपल्याकडे आधी आंबट बंद, मग मीठ बंद, मग दूध आणि वांगे बंद. माणूस वाळतो, चट्टा मात्र तसाच. अमुक पदार्थ सोडला की सोरायसिस जातो, असा पदार्थ अजून सापडलेला नाही. उलट ज्याच्या अंगाचे खूप पापुद्रे निघतात त्याच्या शरीरातले प्रथिन त्यांच्याबरोबर जाते. त्याने डाळ, मटकी-हरभऱ्याची उसळ, दूध, अंडी पोटभर खावीत.

अमेरिकेतल्या नॅशनल सोरायसिस फाउंडेशनच्या वैद्यकीय मंडळाने २०१८ साली झालेले सगळे प्रयोग तपासले. त्यांचा सर्वांत ठाम सल्ला एकच निघाला : ज्याचे वजन जादा आहे त्याने ते उतरवावे. ९० किलोच्या माणसाने ५ ते ९ किलो कमी केले तरी चट्टे सौम्य होतात आणि औषधही जास्त लागू पडते. गहू सोडण्याचा सल्ला ज्यांना गहू सोसत नाही असे रक्ततपासणीत निघाले त्यांनाच आहे. बाकीच्यांनी चपाती सोडून काही साधणार नाही. ज्वारी-बाजरीची भाकरी चांगलीच, पण ती औषध नव्हे.

साखर-गुळाने सोरायसिस होतो का, असे पुष्कळ सभासद विचारतात. तसे सिद्ध झालेले नाही. पण दिवसाचे सहा कप गोड चहा पोटाचा घेर वाढवतात, आणि घेर वाढला की रोग वाढतो. साखर कारखान्याच्या अंकात हे छापले म्हणून कोणी रागावू नये!

दारू आणि तंबाखूबद्दल मात्र शंका नाही. दोन्हींनी चट्टे वाढतात. दारूने तर औषधाचाही घात होतो, ते पुढे येते.

दुकानात मिळणाऱ्या ताकदीच्या गोळ्यांचे काय? माशाच्या तेलाने कोणाला थोडा गुण आला, कोणाला काहीच नाही. सेलेनियम आणि बी-१२ यांचा फायदा दिसलेला नाही. ‘ड’ जीवनसत्त्व रक्तात कमी असेल तर जरूर घ्यावे, पण ६० हजार युनिटची पुडी आठवड्याला एक घ्यायची असते. ती कोणी रोज घेऊ लागला तर रक्तात कॅल्शियम वाढून मूत्रपिंड बिघडते. बिननावाच्या काढ्याने आणि भस्माने आठ दिवसांत अंग साफ झाले तर हुरळू नका. त्यात स्टेरॉइड मिसळलेले असू शकते. ते थांबले की रोग दुपटीने उसळतो, कधी सगळ्या अंगावर पुळ्या येऊन दवाखान्यात भरती व्हावे लागते.

मेथोट्रेक्झेट ही जुनी, स्वस्त आणि गुणकारी गोळी बऱ्याच जणांना दिली जाते. ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर तोंड सोलवटते, रक्तातल्या पेशी घटतात आणि माणूस दगावूही शकतो. वार ठरवा, कॅलेंडरवर खूण करा, म्हाताऱ्या माणसाची गोळी घरच्यांनी आपल्या हाताने द्यावी. तिच्यासोबत फॉलिक ॲसिड देतात. ही पूरक गोळी मात्र खरोखरच कामाची, ती टाळू नये. मेथोट्रेक्झेटवर असताना दारू वर्ज्य, नाहीतर यकृत जाते. रक्ततपासणी चुकवू नये. मूल हवे असेल तर आधी डॉक्टरांना सांगावे, गरोदर बाईने ती घेऊच नये.

शेतातले एक पक्के लक्षात ठेवा. सोरायसिसवाल्याच्या कातडीला जिथे ओरखडा बसतो तिथे दहा-पंधरा दिवसांत नवा चट्टा उठू शकतो. म्हणून उसात जाताना पूर्ण बाह्यांचा सदरा, हातमोजे, पायांत बूट. पापुद्रे नखाने काढू नयेत, वजरीने तर मुळीच घासू नये. कोमट पाण्याने अंघोळ करून अंग ओलसर असतानाच खोबरेल किंवा व्हॅसलिन चोळावे. सकाळचे कोवळे ऊन थोडा वेळ अंगावर घ्यावे, भाजेपर्यंत नको.

सकाळी उठल्यावर बोटे अर्धा-पाऊण तास आखडत असतील, एखादे बोट सबंध सुजत असेल, नखांवर सुईने टोचल्यासारखे खड्डे पडले असतील, तर रोग सांध्यांत उतरत असण्याचा संभव आहे. हंगाम संपू द्या मग बघू, असे इथे चालत नाही. वाकडा झालेला सांधा परत सरळ होत नाही. त्याच आठवड्यात जिल्हा रुग्णालयात दाखवावे आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, पुड्या आणि काढ्याची बाटली पिशवीत घालून बरोबर न्यावी.