बँकेला विश्वस्त नेमण्याआधी खर्च विचारा

आपल्या मृत्युपत्राची अंमलबजावणी भावाच्या किंवा मेहुण्याच्या गळ्यात न घालता बँकेकडे सोपवता येते. ट्रस्ट चालवणे आणि एक्झिक्युटर (मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारा) म्हणून मालमत्तेची व्यवस्था पाहणे, या दोन्ही कामांना बँकिंग नियमन कायदा, 1949 च्या कलम 6 ने परवानगी दिली आहे. पण जवळच्या शाखेत विचारायला गेलात तर काउंटरवर कोणाला पत्ता नसण्याचीच शक्यता जास्त. हे काम सहसा बँकेची उपकंपनी करते. बँक ऑफ महाराष्ट्रची पुण्यातील महाराष्ट्र एक्झिक्युटर अँड ट्रस्टी कंपनी 1946 सालची आहे.

आधी स्वस्तातले उरकून घ्या. नॉमिनेशनला पैसे पडत नाहीत. 1 नोव्हेंबर 2025 पासून ठेवींवर चार नॉमिनी लावता येतात. मात्र नॉमिनीच्या हाती रक्कम येते, मालकी वारसांचीच राहते. मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क नाही. नोंदणी ऐच्छिक आहे, महाराष्ट्रात तिची फी 100 रुपये. प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्रावर कोर्टाचे शिक्कामोर्तब, घ्यावे लागले तर कोर्ट फी जास्तीत जास्त 75,000 रुपये, वकील वेगळा.

खरा खर्च एक्झिक्युटरचा. मसुद्याची एकरकमी फी, मृत्युपत्र सांभाळण्याचे शुल्क आणि अंमलबजावणीच्या वेळी मालमत्तेच्या किमतीवर टक्केवारी, अशी आकारणी असू शकते. ही टक्केवारी कशावर, हे नीट विचारा. समजा दर 1 टक्का आहे. 60 लाखांचा फ्लॅट आणि 20 लाखांच्या ठेवी धरल्या, तर 80,000 रुपये आणि 18 टक्के जीएसटी मिळून 94,400 रुपये होतात. फ्लॅट वगळला, तर हाच आकडा 23,600 वर येतो.

ट्रस्टचा खर्च दरवर्षी चालू राहतो. भारतीय न्यास अधिनियम, 1882 नुसार दस्तात किंवा करारात तरतूद असल्याशिवाय विश्वस्ताला मोबदला मागता येत नाही, म्हणून फी आणि तिच्या वाढीची अट दस्तातच घाला. ट्रस्टचा पैसा त्याच बँकेच्या ठेवींत ठेवणार का, हेही विचारायला लाजू नका.

एक घर, थोड्या ठेवी आणि मुलांचे आपसात पटते, अशा कुटुंबाने या भानगडीत पडू नये. विश्वासू नातेवाईक पुरे. अपंग अपत्य असेल, दुसरे लग्न असेल किंवा सगळी मुले परदेशी असतील, तर मात्र फी वसूल होते. लेखी दरपत्रक हातात आल्याशिवाय सही करू नका.