‘त्याला काही वाटतच नाही’ म्हणण्याआधी

रुग्णालयात वैद्यकीय समाजसेविका म्हणून माझी सारी नोकरी झाली. डॉक्टरांचं आजाराबद्दल बोलून झालं की नातेवाईक माझ्या टेबलाशी येऊन बसत. योजनेची कागदपत्रं, पैशांची जुळवाजुळव, घरी गेल्यावर कोण बघणार, असं बोलता बोलता घरातलं दुसरंच दुखणं बाहेर यायचं. नवरा कोरडा आहे. सून घुमी आहे. मुलगा मख्ख बसून राहतो. वडिलांनी कधी पाठीवर हात फिरवला नाही. त्या माणसांच्या बोलण्यातून, आणि त्यांच्यामुळे केलेल्या वाचनातून, मला जे उमगलं ते लिहिते आहे.

१. चेहरा शांत असला म्हणजे आतही शांत असतं, असं नाही.

जेम्स ग्रॉस आणि रॉबर्ट लेव्हन्सन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकात काही प्रयोग केले. लोकांना अस्वस्थ करणाऱ्या फिल्म दाखवल्या आणि त्यांतल्या काहींना सांगितलं, चेहऱ्यावर काही दिसू देऊ नका. त्यांना ते बऱ्यापैकी जमलं. पण आतली किळस, आतलं दुःख तसूभरही कमी झालं नाही, आणि त्वचेवरचा घाम, रक्तवाहिन्यांचं आकुंचन यांच्या मोजमापात शरीरावरचा ताण उलट वाढलेला निघाला.

ही सवय किती लवकर लागते, हे मेरी एन्सवर्थ यांच्या बाल्टिमोरमधल्या अभ्यासातून मला कळलं. वर्षाच्या बाळाला अनोळखी खोलीत ठेवून आई थोडा वेळ बाहेर जाते, मग परत येते. काही बाळं आकांत करतात. काही मात्र खेळण्यात मान घालून बसतात, आई परतली तरी तिच्याकडे बघत नाहीत. आपल्याकडे अशा बाळाला ‘शहाणं आहे हो, त्रास नाही’ म्हणतात. पुढे १९७० च्या दशकात संशोधकांनी अशा बाळांच्या हृदयाचे ठोके मोजले. ते वाढलेले होते.

२. स्वभावाला नावं ठेवण्याआधी शरीर तपासा.

हे मी सर्वांत कळकळीने सांगते, कारण इथे घरं विनाकारण दुखावतात. साठी ओलांडलेल्या बायका सांगत, ‘ह्यांना आता माझं काही पडलेलंच नाही. नातवाला बघूनसुद्धा हसत नाहीत.’ नवरा शेजारीच बसलेला असे. नजर स्थिर, पापणी फार कमी लवणारी, आवाज बारीक आणि एकसुरी. शर्टाची बटणं लावायला वेळ लागतो का, अक्षर बारीक झालंय का, असं विचारलं की दोघंही चमकून बघत. मग मी त्यांना न्यूरॉलॉजीच्या बाह्यरुग्ण विभागात पाठवायची.

जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली वर्णन केलेल्या आजारात मेंदूतल्या डोपामाइन तयार करणाऱ्या पेशी कमी होत जातात आणि सगळ्या हालचाली मंदावतात. चेहऱ्याचे स्नायू त्यातच आले. हसू आतून येतं, पण ओठांपर्यंत पोचत नाही. प्रत्येकाला कंप असतोच असं नाही, म्हणून घरच्यांना बराच काळ हा स्वभावच वाटतो. फसतात फक्त घरचेच असंही नाही. असा चेहरा बघून आरोग्यक्षेत्रात काम करणारेसुद्धा माणसाच्या स्वभावाबद्दल चुकीचा अंदाज बांधतात, असं अभ्यासांत दिसलं आहे. याच आजारात खरी उदासीनता हे वेगळं लक्षणही असू शकतं. तेव्हा चेहऱ्यासोबत इच्छाही मंदावलेली असते आणि डॉक्टरांना ते वेगळं सांगावं लागतं.

पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे. तिथे रुग्णाला शुभार्थी आणि त्याला सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणतात. अशा ठिकाणी गेलेल्या जोडप्यांत मला फरक दिसला. एक आजोबा तिथून एक सवय घेऊन आले होते. नात काही दाखवायला आली की ते तोंडाने म्हणत, ‘मला मजा वाटतेय बरं का.’ नातीचं तेवढ्याने भागायचं.

ऐकू कमी येणं हेही असंच. घरातल्या गप्पांत आजी गप्प का, तर तिला निम्मं ऐकूच येत नाही, आणि दर वेळी ‘काय म्हणालास?’ विचारायची तिला लाज वाटते. थायरॉइड कमी पडलं तरी माणूस मंद, निरुत्साही दिसतो. साधी रक्ताची तपासणी असते, करून घ्या.

३. औषधानेही असं होतं.

नैराश्यावरच्या काही गोळ्यांनी काहींना रडूही येत नाही आणि हसूही. नैराश्याचं रूपही बऱ्याचदा रडण्याचं नसतं, काहीच न वाटण्याचं असतं. त्यातलं नेमकं काय चाललंय हे डॉक्टरच ठरवू शकतात. गोळी आपल्या मनाने बंद मात्र करू नका. डोस कमी करता येतो, औषध बदलता येतं.

४. आपल्या वडिलांना माया दाखवू दिली गेली नव्हती.

माझे वडील मुंबईत गिरणीत होते, आम्ही कोकणात. गणपतीला यायचे, शिमग्याला यायचे. आजोबा ओटीवर बसलेले असत, आणि वडीलधाऱ्यांच्या देखत स्वतःच्या मुलाला उचलून घेणं, त्याचे लाड करणं म्हणजे मर्यादा सोडणं समजलं जाई. काकांनी घेतलं तर चालायचं, मामांनी तर घ्यायचंच. बापाने मात्र नाही. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या कितीतरी जणांकडून मी हेच ऐकलं आहे, देशावरच्याही. त्यात लहानपणापासून ‘मुलीसारखा काय रडतोस’ कानावर पडलेलं. माया असायची ती मनीऑर्डरच्या फॉर्मच्या तळाशी लिहिलेल्या दोन ओळींत, आणि त्याही सगळ्यांना उद्देशून.

मग १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते आणि त्यांतले पुष्कळ गावी परतले, आमचे वडीलही. सणापुरता पाहिलेला माणूस रोज घरात दिसू लागला. त्यांचं कामच गेलं होतं, घरात बसून करायचं काय हे त्यांना कळत नसे, आणि आमच्याशी काय बोलायचं हेही. जूनमध्ये ते आम्हा भावंडांच्या सगळ्या वह्या-पुस्तकांना खाकी कव्हरं घालत. कोपरे इतके घट्ट दुमडलेले असत की वर्ष सरलं तरी कव्हर निघायचं नाही. त्यांच्या तोंडून कौतुकाचा शब्द मी ऐकला नाही, आणि माझ्यावर त्यांचा जीव होता याबद्दल मला कधी शंकाही आली नाही. टेबलासमोर बसून ‘बाबांना आमचं काही नव्हतंच’ म्हणणाऱ्या मुलांना मी आधी हे विचारायची, ते तुमच्यासाठी करायचे काय?

उत्तर ‘काहीच नाही’ असंही यायचं. तेही खरं असतं, आणि मी ते खोडून काढत नसे.

५. काहींना खरंच सांगता येत नाही.

पीटर सिफनिओस या बोस्टनच्या मनोविकारतज्ज्ञाने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला याकडे लक्ष वेधलं आणि त्याला अलेक्सिथायमिया हे नाव दिलं. आपल्याला राग आलाय की भीती वाटतेय हेच या माणसांना ओळखता येत नाही. साधारण दहातल्या एकाला हे कमीअधिक प्रमाणात असतं. ‘तुला काय वाटतंय?’ या प्रश्नाला ते ‘काही नाही’ म्हणतात, आणि ते खोटं बोलत नसतात. मी विचारायची, काल जेवण गेलं का, झोप लागली का, छातीत किंवा पोटात काही होतं का, कधीपासून? मग बोलणं सुरू व्हायचं. ‘भाऊ अ‍ॅडमिट झाल्यापासून जेवण जात नाही’ हे वाक्य त्या माणसाकडून मिळालं की त्याच्या बहिणीला आणखी काही ऐकायची गरज उरत नसे.

६. स्वमग्न (ऑटिस्टिक) माणूस नजर वळवतो, ती बऱ्याचदा नीट ऐकता यावं म्हणून.

डोळ्यांत बघणं अनेक स्वमग्न व्यक्तींना सहन होत नाही. भावना कमी नसतात, बऱ्याचदा आवरत नाहीत इतक्या असतात. डेमियन मिल्टन हे ब्रिटिश संशोधक स्वतः स्वमग्न आहेत. त्यांनी २०१२ मध्ये मांडलं की ही अडचण दोन्हीकडची आहे, इतरांनाही स्वमग्नांचं मन वाचता येत नाही. मला हे पटतं.

७. जो रडला नाही, त्याला रडवू नका.

मृत्यू झाल्यावर बायकांच्या घोळक्यातून कुणीतरी म्हणतंच, ‘तिला रडवा, नाहीतर छातीत बसेल.’ मग त्या बाईला हलवतात, मृताचं नाव घेऊन घेऊन बोलतात. हे बघताना माझा जीव तुटायचा. कोलंबिया विद्यापीठातले जॉर्ज बोनॅनो यांनी वर्षानुवर्षं शोकाचा अभ्यास केला. जोडीदार गेल्यावर बरीच माणसं सुरुवातीपासून सावरलेली दिसतात आणि पुढेही सावरलेलीच राहतात, असं त्यांना आढळलं. न रडणारा पुढे हटकून कोसळतो, या समजुतीला आधार मिळाला नाही. रडू आलं तर रडू द्या. नाही आलं तर चहा द्या, मुलांना सांभाळा, दाखल्याच्या रांगेत उभे राहा.

८. अबोला ही वेगळी गोष्ट आहे.

बायकोला आठ-आठ दिवस न बोलून वठणीवर आणणारा नवरा अबोल नसतो. तो बाहेर छान बोलतो, घरात ठरवून गप्प राहतो. वर लिहिलेलं काहीही त्याला लागू करू नका. ‘त्यांचा स्वभावच तसा आहे’ म्हणत अशा बायकांना सोसायला लावलेलं मी फार बघितलं आहे.

९. तान्ह्या बाळाच्या बाबतीत थांबू नका.

मोठी माणसं कव्हर घातलेल्या वहीवरून माया ओळखतील. बाळाला चेहराच लागतो. एडवर्ड ट्रॉनिक यांच्या १९७८ च्या प्रसिद्ध प्रयोगात आई दोनतीन मिनिटं चेहरा निर्विकार ठेवते. बाळ आधी हसून, हातवारे करून तिला बोलतं करू पाहतं, मग हिरमुसतं, मान फिरवतं. बाळंतिणीला नैराश्य आलं की घरात नेमकं हेच, कुणी न ठरवता, दिवसचे दिवस चालतं. सासर म्हणतं, ‘हिला बाळाची मायाच नाही.’ माहेर म्हणतं, ‘थकली आहे, होईल ठीक.’ दोघंही वेळ दवडतात. बाळंतपणानंतर दोन आठवडे उलटूनही ती बाळाकडे कोऱ्या नजरेने बघत असेल, बाळ झोपल्यावरही तिला झोप लागत नसेल, तर तिला डॉक्टरांकडे न्या. जीव नकोसा झालाय असं ती बोलली तर त्याच दिवशी. तोवर बाळाशी हसायला, बोलायला घरातलं दुसरं कुणीतरी जवळ राहू द्या, वडील असतील तर उत्तम. कुणाकडे जावं हे कळत नसेल तर १४४१६ या टेलिमानसच्या क्रमांकावर कुठल्याही वेळी मोफत फोन करता येतो, मराठीतही बोलता येतं. फोन तिनेच करायला हवा असं नाही. नवऱ्याने करावा, सासूने करावा.