उतारवयातील बेगमी

“गळ्यात माळ घातली, आता पैशाची चिंता कशाला? पांडुरंग समर्थ आहे.” असे म्हणणारे वारकरी आपल्या कर्जत-खालापुरात गावोगाव भेटतात. त्यांच्या श्रद्धेला आमचा नमस्कार असो. परंतु हेच गृहस्थ साठीच्या पुढे गेल्यावर दवाखान्याच्या दारात उभे असतात, आणि तेथे पांडुरंगाची आठवण होण्याआधी सावकाराची आठवण होते, हेही आम्ही पाहतो. वारकरी पंथ हा प्रपंच सोडून रानात जाणाऱ्यांचा पंथ नव्हे. वारी करावी, परत घरी यावे, नांगर धरावा, लेकरांकडे पाहावे, हीच आपली रीत. मग प्रपंचात राहायचे तर प्रपंचाची बेगमी करणे हा काही श्रद्धेचा कमीपणा नाही. या अंकात आम्ही मुख्यतः त्या बंधुभगिनींशी बोलत आहोत, ज्यांचे केस पिकले, हाती फारसे उरले नाही, आणि ज्यांना वाटते की आता साठवायला उशीर झाला.

कर्जतहून कशेळ्याच्या रस्त्याला कडाव लागते. बाल दिगंबर गणपतीमुळे हे गाव दूरवर ठाऊक आहे. हा सगळा मुलूख भाताचा. कर्जतच्या भात संशोधन केंद्राने काढलेल्या जाती महाराष्ट्रभर पेरल्या जातात, आणि भिवपुरीच्या वीजघरातून सुटणाऱ्या पाण्यावर राजनाल्याच्या काठची कित्येक गावे उन्हाळी भातही घेतात. अशा मुलुखातील माणसाला बचत शिकवावी लागते, याचेच नवल वाटते. कारण बचतीचा पहिला धडा त्याच्या घरातच आहे. भात झोडून झाले की सर्वांत आधी काय बाजूला निघते? बियाण्याचे भात. खायला कमी पडेल, पाहुण्याला भाकरीवर भागवावे लागेल, पण बियाण्याच्या कणगीला कोणी हात लावीत नाही. घरातली म्हातारी तर तिच्यावर पहारा देते. खाऊन उरले तर बियाणे ठेवू, असे म्हणणारा शेतकरी आम्ही अजून पाहिला नाही.

पैशाच्या बाबतीत मात्र आपण नेमके उलट वागतो. आधी खर्च, मग उरले तर बचत, आणि उरत तर कधीच नाही! महिन्याचे पैसे हाती आले, मग ते दुधाचे असोत, भाजीचे असोत, मुलाने मुंबईहून पाठविलेले असोत की सरकारी अनुदानाचे असोत, त्यातून बियाण्याइतका वाटा पहिल्या दिवशीच काढून ठेवावा. शंभर रुपये का असेना. उरलेल्यात महिना भागवावा. इतके साधे आहे, पण ज्याने आयुष्यभर उलटे केले त्याला पहिले दोन-तीन महिने जड जाते. एकादशीचा उपवास पहिल्यांदा धरला तेव्हाही संध्याकाळी डोळ्यांपुढे काजवे चमकले होते ना? पुढे अंगवळणी पडले.

आता उशिराचा प्रश्न. उशीर झाला आहे, हे खरे. खोटा धीर देऊन उपयोग नाही. असंघटित कामकऱ्यांसाठी सरकारने २०१५ साली अटल पेन्शन योजना काढली, २०१९ साली श्रमयोगी मानधन योजना काढली. दोहोंतही शिरायचे तर वय चाळिशीच्या आत हवे. म्हणजे साठीच्या माणसाला ती दारे बंद. घरात तिशीतील मुलगा किंवा सून असेल तर त्यांना आजच तिकडे धाडावे. स्वतःसाठी मात्र पोस्टाचे दार उघडे आहे. पोस्टाची बचत बँक या देशात १८८२ पासून चालू आहे, तिच्या मागे सरकारची हमी आहे, आणि तिच्या आवर्ती ठेवीला वयाची वरची अट नाही. दरमहा कमीत कमी शंभर रुपये, मुदत पाच वर्षे.

हिशेब करून पाहू. दिवसाला वीस रुपये, म्हणजे टपरीवरचा चहा आणि तंबाखूची पुडी. महिन्याचे झाले सहाशे. पाच वर्षांत आपण भरले छत्तीस हजार. ऑक्टोबर २०२३ पासून या ठेवीला ६.७ टक्के दर लागू झाला. त्या दराने हाती येतात सुमारे ४२,८०० रुपये. दर सरकार तिमाहीला ठरविते, पण खाते उघडताना जो असेल तो आपल्या खात्याला पाच वर्षे कायम राहतो. बासष्टाव्या वर्षी आरंभ करणाऱ्याला सदुसष्टाव्या वर्षी एवढी रक्कम मिळते. यात कोणी श्रीमंत होत नाही. पण मोतीबिंदूचा किंवा पडून मोडलेल्या हाताचा प्रसंग आला तर जमिनीचा तुकडा विकावा लागत नाही, आणि आपल्या लेखी तेवढे पुष्कळ झाले. वर्षभर हप्ते नियमित भरले असतील तर अडीनडीला खात्यातल्या निम्म्या रकमेपर्यंत कर्जही त्याच पोस्टातून मिळते.

जमिनीचे नाव निघालेच आहे तर मनातले बोलून टाकतो. गेल्या तीस-चाळीस वर्षांत मुंबईच्या लोकांनी कर्जत-खालापुरात घरे बांधण्यासाठी जमिनी घेतल्या. रस्त्यांसाठी, कारखान्यांसाठी गेल्या त्या वेगळ्याच. विकणाऱ्याच्या हाती एकदम लाखांची रक्कम आली. जन्मात कधी एवढे पैसे न पाहिलेल्या माणसाने ते कसे सांभाळावे, हे त्याला कोणी सांगितले नाही. गाडी आली, मांडव पडला, गावजेवण झाले, वाटण्या झाल्या. आज त्याच घरातला म्हातारा दुसऱ्याच्या बंगल्यावर राखणदार आहे, असे दृश्य विरळा नाही. आम्ही कोणाला हिणविण्यासाठी हे लिहीत नाही. ज्यांच्या घरी अजून व्यवहार व्हायचा आहे त्यांनी एवढे करावे: पैसे येण्याच्या आधीच म्हाताऱ्याचा आणि म्हातारीचा वाटा कागदावर ठरवावा आणि तो त्यांच्याच नावे ठेवावा. साठ वर्षे पूर्ण झालेल्यांसाठी २००४ पासून ज्येष्ठ नागरिक बचत योजना आहे. ती पोस्टात आणि बँकांत मिळते, हजार रुपयांपासून पैसे ठेवता येतात, आणि व्याज दर तीन महिन्यांनी खात्यात येते. एप्रिल २०२३ मध्ये तिचा दर ८.२ टक्के झाला. त्या दराने लाखाला तिमाही २,०५० रुपये पडतात. मुद्दल जागच्या जागी, आणि वरणभाताची सोय कोणापुढे हात न पसरता.

काटकसर आणि बचत ही दोन एकच आहेत असे समजू नये. येथे बहुतेकांची गफलत होते. एसटीचेच पाहा. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी उलटलेल्यांना राज्यात एसटीचा प्रवास फुकट झाला, पासष्ट ते पंचाहत्तरपर्यंत अर्धे तिकीट, आणि मार्च २०२३ पासून सर्व बायकांना अर्धे तिकीट. पंढरपूरच्या एका खेपेत नवरा-बायकोचे चांगले पैसे वाचतात. बरे, वाचले ते गेले कुठे? विचारले तर उत्तर येत नाही. परतीच्या वाटेवर खेळणी झाली, फोटो झाले, दोन वेळा हॉटेलात जेवण झाले. वाचलेला पैसा ज्या दिवशी वाचला त्याच दिवशी डब्यात किंवा खात्यात पडला तरच ती बचत. नाहीतर एका खिशातून वाचवून दुसऱ्या खिशातून उडविल्यासारखे होते.

या कामी बायकांची अक्कल पुरुषांपेक्षा सरस, हे कबूल करावे. तांदळाच्या डब्यात पुरून ठेवलेल्या नोटांवर कितीतरी घरांनी अवघड दिवस काढले आहेत. १९९२ पासून नाबार्डने बचत गट बँकांशी जोडायला आरंभ केला, आणि दहा-वीस बायकांच्या त्या गटांनी डब्यातला पैसा बँकेत नेला. आजीबाईंनी “आम्हाला काय कळतंय त्यातलं” म्हणून मागे राहू नये. गटाच्या बैठकीत पैसे मोजून घेताना म्हाताऱ्या नजरेला जे दिसते ते तरुण पोरींना दिसत नाही.

आता मोठी गळती. चहा-तंबाखूवर आम्ही बोट ठेवले खरे, परंतु म्हातारपणीची शिल्लक त्याने बुडत नाही. ती बुडते नातवाच्या बारशाने, लग्नातल्या मानपानाने, आणि सांगायला जड वाटते, पण तेराव्याच्या जेवणावळीने. गाडगेबाबा (१८७६–१९५६) गावोगावच्या कीर्तनांत हेच तळमळून सांगत, की ऋण काढून सण करू नका, देवाच्या नावावर कर्ज करू नका. त्यांच्या कीर्तनाला जमलेले लोक रडत, हसत, माना डोलवीत, आणि घरी जाऊन पुन्हा मांडव घालीत! आजही तेच चालले आहे. “लोक काय म्हणतील?” या प्रश्नाला आम्हांस एकच उत्तर सुचते. लोक जेवून जातात, हप्ते आपल्याला भरावे लागतात.

तुकोबांचे घर महाजनकीचे होते, हे सर्वांस ठाऊक आहे. दुष्काळाच्या आपत्तीनंतर घरातली येणी असलेली खते वाटून त्यांनी आपला अर्धा वाटा इंद्रायणीत सोडला, आणि धाकट्या भावाचा अर्धा वाटा त्याला दिला, अशी कथा आहे. या कथेतला पहिला भाग सगळे सांगतात, दुसरा विसरतात. वैराग्य स्वतःच्या वाट्याचे असते. बायकोच्या, भावाच्या, मुलांच्या वाट्याचे वैराग्य आपण परस्पर करायचे नसते. उद्याची सोय न करता सारे वाटून मोकळे होणारा गृहस्थ शेवटी सुनेच्या ताटावर बसतो, तेव्हा त्याच्या वैराग्याचा भार ती सून वाहत असते.

हिशेबाविषयी नाथांची गोष्ट प्रसिद्धच आहे. देवगिरीवर जनार्दनस्वामींकडे असताना एका पैची चूक सापडेना म्हणून ते रात्रभर वह्या घेऊन बसले, आणि पहाटे चूक सापडताच आनंदाने टाळी वाजविली. कीर्तनकार यापुढे स्वामींच्या उपदेशाकडे वळतात, ते योग्यच आहे. पण पैसाठी रात्र जागविणारे नाथ होते, हे प्रपंची माणसाने ध्यानात धरावे. चार आण्यांच्या वहीत रोजचा खर्च मांडावा, असे पूर्वी सांगत. वही आता वीस रुपयांना मिळते, सल्ला तोच आहे. लिहिता येत नसेल तर शाळेतल्या नातवाला सांगावे. त्यालाही वळण लागेल, आणि आजोबा पैसे कशावर घालवतात ते घरात उघड झाल्यावर तंबाखू आपोआप कमी होते, असा अनुभव आहे.

साठविण्याइतकेच सांभाळणेही कठीण. खोपोलीजवळच्या साजगावला धाकटी पंढरी म्हणतात, आणि कार्तिकी एकादशीपासून तेथे बोंबल्या विठोबाची यात्रा भरते. सुक्या मासळीचा बाजार मोठा. माळकरी दर्शन घेतात आणि नाक धरून त्या रांगेतून वाट काढतात. तुकोबा कोकणात मिरच्या विकायला आले होते, त्याच्याशी या स्थानाचा संबंध परंपरेने जोडला जातो. महिपतीबुवांच्या चरित्रातली कथा अशी, की तुकोबांनी मोजमाप गिऱ्हाइकांवर सोडले, लोकांनी लुबाडले, आणि देवाने वेष घेऊन वसुली केली. तेच पैसे घेऊन परत जाताना एका ठकाने सोन्याचा मुलामा दिलेले पितळी कडे त्यांना सोन्याचे म्हणून दिले आणि सारी रक्कम घेतली.

ते पितळी कडे आजही आपल्या भागात विकले जाते. त्याला ‘दामदुप्पट’ म्हणतात. विकायला येणारा बहुधा ओळखीचा असतो, बोलण्यात रामकृष्णहरी असतो, कधी गळ्यात माळही असते. पोस्ट जेथे सहा-सात टक्के देते तेथे हा महिन्याला पाच टक्के कोठून देणार, हे विचारावे. आपल्या जिल्ह्याने बँकांचेही चटके सोसले आहेत. पेण अर्बन बँकेवर २०१० साली रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले, पनवेलच्या कर्नाळा नागरी बँकेचा परवाना २०२१ साली रद्द झाला, आणि म्हातारीकोतारी माणसे ठेवीच्या पावत्या घेऊन वणवण हिंडली. बँकेतील ठेवीला फेब्रुवारी २०२० पासून एका बँकेत एका ठेवीदाराला पाच लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. पतसंस्थेतील ठेवीला ते नाही. पतसंस्था वाईट असे आमचे म्हणणे नाही, कित्येक उत्तम चालल्या आहेत. पण म्हातारपणीची सारी पुंजी अर्ध्या टक्क्याच्या लोभाने एकाच ठिकाणी ठेवू नये. दुखण्याखुपण्याचा भार थोडा हलका झाला आहे: ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी पुरी झालेल्या सर्वांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान योजनेत वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांपर्यंत उपचाराची सोय झाली. त्याचे कार्ड निरोगी असतानाच काढावे. खाटेवर पडल्यावर कागदपत्रे शोधणे होत नाही.

आपल्याकडच्या पायी दिंड्या कार्तिकात खोपोलीचा घाट चढून आळंदीस जातात. त्या भिशीचे पैसे वर्षभर ज्या नेमाने निघतात, तो नेम आपल्या अंगी आहेच. त्याच डब्याशेजारी दुसरा डबा ठेवायचा आहे, इतकेच. वारीचा डबा दुखण्यासाठी फोडू नये आणि दुखण्याचा वारीसाठी फोडू नये. दानधर्म करायचा तो तिसऱ्या, आपल्या ऐपतीच्या डब्यातून करावा.

पोस्टात किंवा बँकेत जाल तेव्हा खाते नवरा-बायकोच्या दोघांच्या नावे उघडा, आणि वारसाचे नाव त्याच वेळी लिहून द्या. पासबुक कोठे ठेवले आहे हे घरातल्या एका विश्वासू माणसाला तरी ठाऊक असू द्या. अंगठा उठविण्याआधी कागद कोणाकडून तरी वाचून घ्या, मग समोरचा कितीही घाईत असो.